मुदत ४१ दिवस, बर्फ २२ सेंटीमीटर

मुदत: ४१ दिवस. बर्फ: २२ सेंटीमीटर.

इसहाक परकारच्या फोनात सौदी सरकारचं ॲप आहे, आणि त्या ॲपात त्याच्या नावाखाली दोन माणसं आहेत. बायको हफीजा. मुलगी अस्मा. घरात तो त्यांचा नवरा आणि बाप, ॲपमध्ये त्यांचा कफील, म्हणजे जामीनदार. हफीजाच्या फोटोपुढे लिहिलेलं असतं 'राज्यात आहे'. अस्माच्या फोटोपुढे 'राज्याबाहेर आहे', आणि त्याखाली ती ज्या तारखेच्या आत परत आली पाहिजे ती तारीख.

फोटो जुना आहे. त्यात अस्मा सोळा वर्षांची आहे आणि फोटोग्राफरवर वैतागलेली आहे.

जेद्दाच्या शराफिया मोहल्ल्यातल्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं की इसहाक आधी ॲप उघडतो आणि दिवस मोजतो. मग अस्माचा निरोप बघतो. ती रोज सकाळी फक्त एक आकडा पाठवते. गुलमर्गला त्यांच्या खोलीबाहेर एक खुणेची काठी रोवलेली आहे, तिच्यावर बर्फ कुठवर आलाय ते. 'सलाम बाबा' नाही, 'कसे आहात' नाही. बावीस. एवढंच.

एक आकडा कमी होत जातो, एक वाढत जातो. त्या दोन आकड्यांच्या मध्ये इसहाक चहा पितो.

मुदत: ३९ दिवस. बर्फ: ४० सेंटीमीटर.

व्हॉइस नोट, तीन मिनिटं अकरा सेकंद. पाठीमागे लाकडं फुटल्याचा आवाज.

"बाबा, आज उठले पाच वाजता. इथे सगळे उठून पहिल्यांदा खिडकी पुसतात, मग तोंड धुतात. रात्रीत अठरा सेंटीमीटर पडलंय. खोलीत आम्ही सहाजणी, एक लाकडांची बुखारी, आणि तिच्याभोवती बारा बूट वाळत घातलेले. वासाबद्दल विचारू नका. जुन्या इस्त्रीने बोर्डाला मेण लावलं. ती इस्त्री शर्टासाठी मागायला एक टूरिस्ट आला होता, हसून हसून मेलो. सकाळी दिल्लीच्या एका काकूंना शिकवलं. त्या पडल्या की मलाच ओरडतात. दुपारी माझा वेळ. वर गेले. बाबा, वर कुणीच नव्हतं. पायाखाली आवाजच येत नाही, म्हणजे येतो, पण... नाही सांगता येत. तुम्ही असतात तर. अम्मीला सांगा, मी जेवते. राजमा, रोज राजमा."

हफीजाने ती दोनदा ऐकली.

"बारा बूट," ती म्हणाली. "सहा पोरी नि बारा बूट, आणि घरात हिची खोली रिकामी. त्या फळीत काय ठेवलंय एवढं?"

हफीजा स्नोबोर्डला फळी म्हणते. चार हिवाळे झाले, तिने दुसरा शब्द वापरलेला नाही.

मुदत: ३६ दिवस. बर्फ: ६५ सेंटीमीटर.

आता जे झालं ते सरळ सांगून टाकायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

अस्माने फोन केला. व्हॉइस नोट नाही, फोन. म्हणाली, बचाव पथकात कायमची जागा आहे. डोंगरावर कुणी अडकलं, गाडलं गेलं, तर शोधायला जाणारं पथक. पण त्यांना शेवटचं बर्फ वितळेपर्यंत थांबणारं माणूस हवंय. "मी दर वर्षी अर्धाच सीझन करते, बाबा. व्हिसाची तारीख आली की बोर्ड गुंडाळून निघते. ते म्हणतात, अर्धी माणसं नकोत."

"मग?"

"परतीची मुदत तुम्ही ॲपवरून वाढवू शकता. मार्चमध्ये माझा तिथे राहायचा इकामा संपतो, तिथपर्यंत. तुम्ही वाढवलीत तर मी येईन. वचन. रमजान संपायच्या आत दारात असेन, आणि पथकाला नाही म्हणून सांगेन. नाही वाढवलीत तर..."

"तर इकामा गेला."

"हो."

"मग आमच्याकडे यायचं तर पाहुणी म्हणून. भेटीच्या व्हिसावर."

"हो."

"तुला काय हवंय ते सांग ना, बाय."

पलीकडे बुखारीत लाकूड सारल्याचा आवाज आला.

"मला दोन्ही हवंय," अस्मा म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

हफीजाने दाराआडून सगळं ऐकलं होतं. तिचा हिशेब साधा होता: मुदत वाढवायची, पोरगी येईल, उंबरा ओलांडला की इकाम्याचं पुढचं बघू. "शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका," ती म्हणाली. "आत्ता दाबा."

"दाबतो," इसहाक म्हणाला. आणि चष्मा शोधायला लागला.

मुदत: ३१ दिवस. बर्फ: ७१ सेंटीमीटर.

इसहाकचं दुकान बॅगांचं म्हणतात, पण बॅगा कोणीही विकतो. लोक त्याच्याकडे येतात ते बांधणीसाठी. गावी जाणारा माणूस सगळं घेऊन येतो: ब्लँकेट, दुधाची पावडर, मिक्सर, नातवाची सायकल, आणि म्हणतो, चाचा, एका कार्टनमध्ये बसवा. इसहाक बसवतो. मग नायलॉनची दोरी दोन्हीकडून फिरवून वर स्वतःची गाठ मारतो. ती गाठ ओढली की आणखी आवळते. बेल्टवर आपटा, पावसात ठेवा, सुटत नाही. मुंबईत कस्टमवाला कापतो, तेव्हाच.

लहानपणी अस्मा शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची आणि रिकाम्या खोक्यांवर ती गाठ मारत राहायची. बाकी वेळ इमारतीच्या पार्किंगमध्ये चाकाच्या फळीवरून घसरायची. कॉलेजला पुण्याला गेली, तिथून कुणाबरोबर तरी डोंगरात गेली, आणि चाकं गळून नुसती फळी उरली.

मुझम्मिल शेजारच्या गल्लीत असतो, इसहाकच्याच कोकणातल्या खाडीकाठचा. गोठवलेल्या कोंबड्यांच्या गोदामात मुकादम आहे. दुपारचा चहा इसहाककडे पितो आणि चहाची किंमत म्हणून टोमणे देतो.

"सगळ्या जगाची पोरं जेद्दात कमवून गावी पाठवतात. तुझी पोर हिकडचं घर सोडून बर्फावर पडायला जाते. पैसे देऊन पडते काय?"

"पडत नाही. शिकवते."

"पडायला शिकवते!"

इसहाक हसला नाही. म्हणाला, "मुझम्मिल, तुझ्या गोदामात किती थंडी असते?"

"वजा अठरा. का?"

"मला आत उभं राहायचंय."

मुदत: ३० दिवस. बर्फ: ७१ सेंटीमीटर.

मुझम्मिलने त्याला स्वतःचं जाकीट दिलं, टोपी दिली, आणि दाराबाहेर घड्याळ बघत उभा राहिला. "दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला मी हफीजाभाभीला काय सांगू?"

आत ब्राझीलच्या कोंबड्या छतापर्यंत. पंख्यांचा घोंघाट. पहिल्या मिनिटाला नाकातले केस ताठ झाले. दुसऱ्या मिनिटाला डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थंडीने आलं असं इसहाकने ठरवलं. चौथ्या मिनिटाला त्याने पाइपावरचं पांढरं खरवडून मुठीत घेतलं आणि लाडू वळतात तसं वळून बघितलं. वळेना. पिठासारखं बोटांतून गळून गेलं.

उभ्या आयुष्यात त्याने हिवाळा नावाची गोष्ट भोगलेली नव्हती. कोकणात हिवाळा म्हणजे पहाटे अंगावर एक चादर जास्त. जेद्दात हिवाळा म्हणजे एसी बंद. आणि त्याची मुलगी अशा जागी रोज सकाळी स्वतःहून जाते, पंखे नसलेल्या, भिंती नसलेल्या, आणि तिथे तिला बाप आठवतो.

सहाव्या मिनिटाला मुझम्मिलने दार उघडलं. "बास. मला बघवत नाही."

इसहाकने अस्माला लिहिलं: बर्फाचा लाडू वळत नाही, हे खरं आहे का?

उत्तर आलं: वळला नाही म्हणजे कोरडं आहे बाबा. तेच सगळ्यात चांगलं. तुम्हाला कोणी सांगितलं???

तीन प्रश्नचिन्हं. दिवसभर तो त्यांच्याकडे बघत राहिला.

मुदत: २३ दिवस. बर्फ:

मुदत: २२ दिवस. बर्फ:

मुदत: २१ दिवस. बर्फ:

टीव्हीवर काश्मीरची बातमी. रस्ते बंद, वीज नाही. हिमस्खलनाचा इशारा. हफीजा सोफ्यावर बसलेली नाही, जमिनीवर बसली आहे. तिच्या हातात तसबीहची माळ आहे. इसहाकने सत्तावीस वेळा फोन लावला, आणि प्रत्येक वेळी रेकॉर्डमधल्या बाईने त्याला हिंदीतून नम्रपणे सांगितलं की

मुदत: २० दिवस. बर्फ: १८८ सेंटीमीटर.

"सॉरी सॉरी सॉरी. टॉवर गेला होता. आम्ही सगळे ठीक. अम्मी, रडू नको गो. हो, जेवले. राजमा."

हफीजाने फोन ठेवला आणि इसहाककडे वळली. तीन दिवस साठलेलं सगळं आता आलं. "दाबा. माझ्यासमोर दाबा. माझं एकच मूल आहे."

"अजून वीस दिवस आहेत."

"तुम्हाला नको का ती?"

हा प्रश्न इसहाकला इतका लागला की तो उठून निघाला. दुकानात जाऊन तीन रिकामी खोकी बांधली.

मुदत: १२ दिवस. बर्फ: १९५ सेंटीमीटर.

मक्केला उमरा करून परतणाऱ्या लोकांच्या बसगाड्या विमानतळावर जाता जाता शराफियात तासभर थांबतात. त्या दिवशीची बस काश्मिरींची होती. इसहाक प्रत्येक काश्मिरी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारतो, आणि बहुतेक जण म्हणतात, गुलमर्ग हमसे दूर है.

हा म्हातारा म्हणाला, "मैं तंगमर्ग का हूँ. गुलमर्ग के नीचे. अली नाम है. स्लेज खींचता हूँ. इस साल बेटा खींच रहा है, अल्लाह ने मुझे यहाँ बुला लिया."

इसहाकचा हात दोरीवर थांबला. "वहाँ मेरी बेटी है. अस्मा. बोर्ड चलाती है."

अलीने डोकं हलवलं. अस्मा नावाच्या पुष्कळ. मग एकदम: "बोर्डवाली? जिद्दावाली?"

"क्या बोलते हैं उसको?"

"जिद्दावाली. सब यही बोलते हैं. आप जिद्दावाली के अब्बा हो?" म्हाताऱ्याने इसहाकचे दोन्ही हात धरले आणि बसमधल्या माणसांना काश्मिरीत काहीतरी ओरडून सांगितलं. दोघं-तिघं उतरून आले. इसहाकला काही कळेना. एकतीस वर्षं तो या शहरात आहे, आणि इथे त्याला सगळे 'हिंदी', म्हणजे भारतातला, म्हणतात. जेद्दा त्याची आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि हजारो मैलांवर त्याच्या पोरीला लोकांनी हे अख्खं शहर नाव म्हणून देऊन टाकलं होतं.

अली सांगत होता. मागच्या हिवाळ्यात त्याचा पुतण्या धुक्यात वाट चुकून नाल्यात पडला. पाय मोडला. पथकाची दोन माणसं आणि ही, मदतीला म्हणून गेलेली. स्ट्रेचर वर पोचेना. मग हिने स्वतःचा बोर्ड काढला, पोराला त्यावर झोपवलं, दोरीने बांधलं, आणि तिघांनी धरून खाली उतरवलं.

"और गाँठ ऐसी साहब, इतना हिला, इतना फिसला, खुली नहीं. नीचे आके चाकू से काटनी पड़ी."

"कैसी गाँठ?" इसहाकने विचारलं.

अलीने काउंटरवरच्या स्वतःच्या कार्टनकडे बघितलं. गाठ नुकतीच मारून झाली होती. म्हातारा वाकला, तिच्यावरून अंगठा फिरवला.

"यही," तो म्हणाला. "बिल्कुल यही."

बसचा हॉर्न वाजला. यल्ला, यल्ला, ड्रायव्हर ओरडला. इसहाकने अस्मासाठी दुकानात काढून ठेवलेली सुक्या सोड्यांची पिशवी आणि अजवा खजुराचा डबा अलीच्या कार्टनमध्ये घालायचं ठरवलं. त्यासाठी गाठ सोडायला हवी होती. सुटेना. त्याला स्वतःचीच गाठ कापावी लागली.

घरी त्याने हफीजाला खजूर पाठवल्याचं सांगितलं. बाकीचं स्वतःजवळच ठेवलं.

मुदत: ५ दिवस. बर्फ: २१० सेंटीमीटर.

इसहाकने अस्माला लिहिलेले आणि न पाठवलेले निरोप:

बाय, तू ये.

बाय, तुझ्या अम्मीने समोसापट्ट्या मागवल्या आहेत, तुझ्या वाटणीच्याही.

मुझम्मिल विचारत होता तुला.

ती गाठ तू मारलीस हे मला का नाही सांगितलंस

तुझ्याशिवाय घरात कोण बोलतं? मी नाही. तुझी अम्मी फळीशी भांडते, ती पण इथे नाही.

ये.

मुदत: ० दिवस. बर्फ: २१४ सेंटीमीटर.

संध्याकाळी चंद्र दिसल्याची बातमी आली. शाबानचा महिना संपला, उद्या रमजानचा पहिला रोजा. खालच्या गल्लीत पोरं ओरडत पळाली. हफीजा स्वयंपाकघरात पीठ मळत होती. अस्माच्या खोलीतली चादर तिने सकाळीच बदलली होती.

"दाबलंत ना?" तिने पाठमोरंच विचारलं.

"उद्या दाबतो. उद्यापर्यंत आहे."

"उद्या कशी? मुदत शाबानच्या एकोणतिसाव्यापर्यंत होती, ती आजच."

इसहाकने भिंतीकडे बोट केलं. गावच्या जमातीचं कॅलेंडर दर वर्षी गावाहून येतं, हफीजा ते फ्रीजशेजारी लावते. गावचा चंद्र इथल्यापेक्षा एक दिवस मागे चालतो. "त्यात बघ. आज अठ्ठावीस."

हफीजाचे हात पिठात थांबले.

एकतीस वर्षं या माणसाने दोन-दोन ईद केल्या. एक इथली, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर गावची. कुणाच्या आईची बरसी, कुणाच्या इकाम्याची तारीख, कुठला चंद्र कधी, हे अख्खी शराफिया याला विचारते. हा माणूस गावच्या कॅलेंडरवरून परतीची मुदत मोजेल, हे हफीजाला तिच्या आईच्या पोटातसुद्धा पटलं नसतं.

"ॲपमध्ये इंग्रजी तारीख पण असते ना?" ती म्हणाली.

"असते."

"मग?"

"चष्मा दुकानात राहिला."

चष्मा त्याच्या नाकावर होता. हफीजाने तो बघितला. तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि हात पुढे केला. "द्या. मी वाचते."

इसहाकने फोन दिला. मध्यरात्र व्हायला अजून पाच तास होते. एक बटण. हफीजालाही दाबता येत होतं. ॲप उघडंच होतं, आणि सोळा वर्षांची वैतागलेली मुलगी तिच्याकडे बघत होती.

"त्या दिवशी तुम्ही खजूर देऊन आलात," हफीजा म्हणाली, "तेव्हापासून तुमचं तोंड असं आहे. काय सांगितलं त्या काश्मिऱ्याने?"

तेव्हा इसहाकने सांगितलं. पुतण्याचं, बोर्डचं, गाठीचं. जिद्दावाली म्हणतात ते. सांगताना त्याने हवेत दोन्ही हातांनी गाठ मारून दाखवली, जसं काही हफीजाने ती जन्मात बघितलीच नव्हती.

ती ऐकत राहिली. मग फोन त्याला परत दिला. दाबला नव्हता.

"तुम्ही चुकलात," ती म्हणाली. "कॅलेंडर बघण्यात चुकलात. कुणी विचारलं तर मी हेच सांगणार. तिलाही."

आणि पिठाकडे वळली. पिठाला काहीही कारण नसताना तिने ते आणखी बराच वेळ मळलं.

बर्फ: २१३ सेंटीमीटर.

दुसऱ्या रोजाच्या सकाळी, दुकान उघडायच्या आधी, त्याने फोन लावला. हफीजा समोर भाजी निवडत बसली होती, म्हणजे भाजी हातात घेऊन बसली होती.

"नाही दाबलं, बाय."

पलीकडे वारा होता.

"मला वाटलं होतं, तुम्ही दाबाल," अस्मा म्हणाली.

"मलाही वाटलं होतं."

ती रडत होती की हसत होती, हे वाऱ्यात कळत नव्हतं. "बाबा, आता मी तिथली नाही ना?"

"तुला तिथे काय म्हणतात ते मला माहीत आहे," इसहाक म्हणाला. पुढचं वाक्य तो रात्रभर जुळवत होता, पण ते आलं नाही. तो म्हणाला, "एक सेंटीमीटर कमी झालं आज."

"ऊन पडलंय. बसतं थोडं." तिने नाक ओढलं. मागून कुणीतरी हाक मारली: जिद्दा! ओ जिद्दा! "बाबा, जायचंय. वर. संध्याकाळी करते. अम्मीला..."

वाक्य खिशात गेलं. फोन बंद करायचा राहून गेला होता.

इसहाकने कानाजवळचा फोन काढला नाही. आत कापडाची घासघास. मग पावलं. कोरड्या बर्फावरची पावलं: कर्र, कर्र, कर्र, कुणी भाजलेला रवा बोटांत चुरडावा तशी. मग काहीतरी धप्पकन आडवं टाकलं. पट्टे आवळल्याचा टिकटिक आवाज, आधी एका पायाचा, मग दुसऱ्या.

"काय झालं?" हफीजाने विचारलं. "बोलत का नाही?"

त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला.

क्षणभर काहीच नाही. मग एक लांब, खाली खाली जाणारा आवाज सुरू झाला, रेशीम फाडत न्यावं तसा, मध्येच डावीकडे दाबला जाणारा, मध्येच उजवीकडे. आणि त्यावरून त्यांच्या मुलीचा आवाज, कुणासाठीही नसलेला. ती काही बोलत नव्हती. नुसती ओरडत होती, पार्किंगच्या उतारावरून येताना ओरडायची तशी.

इसहाकने फोन बंद करायला हात पुढे केला, कारण हे ऐकणं चोरून ऐकण्यासारखं होतं.

हफीजाने त्याचा हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "ती खाली पोचेपर्यंत."